नाडीखालचा नायटा

मंगळवार पेठेतल्या निम्म्या बायकांच्या कमरा मला पाठ आहेत. घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. ब्लाउज आणि परकर शिवते. मापाला उभ्या राहिलेल्या बाईबद्दल मला जेवढं कळतं तेवढं तिच्या नवऱ्यालाही कळत नसेल. कोण सुटली, कोण धसका घेऊन वाळली, कुणाला दिवस गेलेत, सगळं आधी टेपला कळतं. म्हणून हे नायट्याचं जे काय चाललंय ते मला कुणी सांगावं लागलं नाही. पूर्वी कधीतरी एखादी बाई म्हणायची, "वैनी, नाडीपाशी जरा खाजतंय, सैल ठेवा." पुढच्या मापाला आली की तिथं काही नसायचं. मलम लावलं, गेलं, विषय संपला. मग बघता बघता दर दुसरी बाई तेच म्हणायला लागली, आणि पुढच्या मापालाही ते तिथंच असायचं, उलट पसरलेलं. गोल कडं, कडेला लाल, मध्ये काळपट. मी मनात म्हणायची, काय बाई ही माणसं, अंग पुसायचंसुद्धा कळत नाही.

मग मलाच उठलं. उन्हाळ्यात, ऊन मी म्हणत होतं तेव्हा. दिवसभर मशीनवर बसायचं, पंख्याची हवा कापडं उडवते म्हणून पंखा बंद, परकराची नाडी घामानं भिजून कमरेला चिकटलेली. नाडीखाली रुपयाएवढा डाग आला. पावसाळा लागेपर्यंत त्याचं ताट झालं. आमच्याकडचा पाऊस काय सांगू, परकर दोन-दोन दिवस दोरीवर ओलाच असतो, आणि तोच दमट परकर चढवायचा. खाज म्हणजे काय चीज असते ते मला तेव्हा कळलं. गिऱ्हाईक समोर, गळा खोल पाहिजे का बोटनेक ते मी विचारतेय, आणि माझा जीव सगळा कमरेत. ती पाठमोरी झाली की मी लाकडी पट्टी पदराआडून घालून खसाखसा खाजवून घ्यायची. सुख आणि लाज, दोन्ही एकदमच.

कोपऱ्यावर मेडिकल आहे. तिथल्या पोराला मी नुसतं "खाजतंय" म्हटलं. त्यानं वर न बघता ट्यूब काढली. "मावशी, दोन दिवसांत जातंय बघा." खरंच गेलं की! दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब. मी ती ट्यूब खिडकीत, खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली आणि तिचं कौतुक गल्लीभर केलं. आमच्या ह्यांना जांघेत होतं, त्यांनी तीच लावली. शेजारीण वाटी घेऊन साखर न्यायला यावी तशी येऊन बोटावर मावेल तेवढं मलम घेऊन जायची. आमच्या पेठेत औषध असं घराघरांतून फिरतं. कुणाला लागू पडलं की ते सगळ्यांचं. पण ट्यूब बंद केली की आठवड्याभरात नायटा परत हजर. परत ट्यूब. परत हजर. शेवटी तर एका कड्याच्या आत दुसरं कडं उठायला लागलं, आणि ते मांडीवरून खाली उतरून नडगीपर्यंत आलं.

त्याच दिवसांत लेकीचा फोन आला. एकच लेक मला. कबनूरला दिलीय, घरचेच यंत्रमाग आहेत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, देव झाले, डॉक्टर झाले, आम्ही विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं. फोनवर ती आधी रडलीच. मग म्हणाली, "आई, दिवाळी झाली की तुझ्याकडं बाळंतपणाला यायचंय मला." मी हातातला ब्लाउज तसाच टाकला आणि देवापुढं साखर ठेवली.

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं बाळाला आईची आई न्हाऊ घालते. न्हाणीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यावर घ्यायचं, पाय सरळ लांब करायचे आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत उघडं पोर पालथं घालायचं. तेल, बेसन, मग कढत पाणी. माझ्या आईनं माझ्या लेकीला असंच न्हाऊ घातलं. मी दारात बसून बघायची आणि मनात म्हणायची, माझी पाळी येईल. एवढीच एक हौस उरली होती माझी. बाकीच्या सगळ्या मशीनखाली गेल्या.

भेटायला आली तेव्हा लेकीनं माझे पाय बघितले. मी पाय धूत होते. ती वाकून नडगीवरची कडी निरखायला लागली. मग म्हणाली, "आई, असल्या पायांवर घेणार तू माझ्या बाळाला?"

दुसऱ्या दिवशी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. वयानं माझ्या लेकीएवढी. तिनं आधी विचारलं, आजवर काय काय लावलं ते घेऊन आलाय का. मी पिशवी पालथी केली. अर्धवट दाबलेल्या ट्यूबांचा ढीग झाला टेबलावर. तिनं एक उचलली आणि मला म्हणाली, "मावशी, ह्यात स्टेरॉइड आहे. ह्यानं खाज मरते, बुरशी नाही मरत. उलट अंगाची लढायची ताकद तेवढ्या जागेत झोपते आणि बुरशी आरामात पसरते. तुम्हाला वाटलं बरं झालं. बुरशीलाही तसंच वाटलं." मग पात्यानं कड्याच्या कडेचा पापुद्रा खरवडून तपासायला पाठवला आणि गोळ्या दिल्या. त्या मी इमानेइतबारे खाल्ल्या, एकही चुकवली नाही. काडीचा फरक पडला नाही.

परत गेले तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "तुमच्या गोळ्या बनावट हायत का काय?"

ती हसली नाही, चिडलीही नाही. दिवसभर हेच ऐकत असणार. म्हणाली, "गोळी चांगली आहे. पूर्वी ह्याच गोळीनं महिन्याभरात साफ व्हायचं. पण मावशी, बुरशीचे कण लाखोंनी असतात, आणि त्यांत एखादा जन्मतःच जरा वेगळा निघतो. गोळी जिथं जाऊन चिकटायची ती जागाच त्याच्यात बदललेली असते. मग गोळी बाकीचे मारते, हा राहतो. मोकळी जागा मिळते, ह्याचीच पोरं वाढतात, आणि त्या सगळ्यांवर ती गोळी चालत नाही. कुणी चार दिवस गोळ्या खाऊन सोडतं, कुणी नवऱ्याला अर्ध्या देतं, कुणी नुसती ट्यूब चोळतं. प्रत्येक वेळी कच्चे मरतात आणि पक्के उरतात."

"म्हंजे मीच पोसली म्हणा की ही पक्की बुरशी."

"तुमच्या अंगावरच तयार झाली असेल असं नाही. तयार होऊन दुसऱ्या कुणाकडून आलेली असेल. टॉवेलातून, अंथरुणातून. एकट्यानं कुणी केलं नाही हे, सगळ्यांनी मिळून केलंय."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे मूळचे कसबा बावड्याचे, भावकीचा ऊस आहे तिकडं. त्यांनी मान हलवली. "तणाचंबी तसंच झालंय की. पयलं एका फवारणीत जळायचं. आता वरची पानं पिवळी हुत्यात आन परत हाय तसं उभं." मग स्वतःची जांघ खाजवत टीव्ही लावला. त्यांना उठवून दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं तेव्हा कुठं माझ्या जिवाला बरं वाटलं.

आता दुसरं औषध सुरू झालं, कॅप्सूल. डॉक्टरीणबाईंनी मला बोट वर करून सांगितलं, "तपासात दिसतंय, ही चालतेय तुमच्या बुरशीवर. ही पण गेली तर माझ्याकडं फारसं काही उरत नाही. रोज, भरपेट जेवणानंतर. रिकाम्या पोटी ही अंगाला लागतच नाही. आणि डाग गेला तरी मी सांगेपर्यंत बंद करायची नाही." मी सगळं पाळलं. टॉवेल वेगळा, कपडे उकळत्या पाण्यात, परकरावर उलटसुलट इस्त्री. नाडीचा परकर सोडून घरात सैल गाऊन घालायला लागले. परकर शिवणारी बाई गाऊनवर, गिऱ्हाइकं हसायची. पण कडं सुकत गेलं. गणपती उठले तोवर नुसता काळपट डाग उरला होता. मी लेकीला फोन करून सांगितलं, "पाय घासून ठेवलेत बघ तुझ्या पोरासाठी."

मग नवरात्र बसलं. मी घट बसवते आणि उठता-बसता नाही, सगळे दिवस उपवास करते. अन्न शिवत नाही. फळं, दूध, एखादा रताळ्याचा तुकडा. पहिल्याच दिवशी ह्यांनी विचारलं, "अगं, गोळी?"

मी म्हटलं, "ती जेवणानंतरची हाय. जेवणच न्हाय तर जेवणानंतरची गोळी कशी खाऊ? रिकाम्या पोटी घ्यायची न्हाय म्हणून बजावलंय बाईंनी."

खरं सांगते, चुकवतेय असं मला वाटलंच नाही. मी तर डॉक्टरीणबाईंचा शब्द पाळत होते. देवीआईचा उपवासही पाळत होते. दोन्हीकडं माझी बाजू चोख. दसऱ्याला पुरणपोळी खाऊन त्यावर कॅप्सूल घेतली आणि आपण किती शहाणे असं वाटून झोपले. दिवाळीची शिलाई सुरू झाली आणि एका दुपारी मशीन चालवता चालवता हात आपोआप कमरेकडं गेला. तिथं खाजत होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, डोळे चोळले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "मला विचारायचं तरी," म्हणाली. "साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरी, पोटभर खाऊन घेतली असती तरी चाललं असतं. कडं दिसेनासं झालं म्हणजे बुरशी संपली असं नसतं. उरलेली होती तिला तुम्ही मोकळं रान दिलं. आणि उरते ती नेहमी चिवट असते." मग म्हणाली, आता पहिल्यापासून, जास्त दिवस. मी विचारलं, बाळ येईस्तोवर जाईल का? ती कागदावर लिहीत राहिली. ते उत्तर मला पुरलं.

बातमी कबनूरला पोचली. विहीणबाईंचा फोन आला. सीमेकडच्या त्या, बोलण्यात कानडी हेल, मनात एक ओठात एक असलं काही नाही. म्हणाल्या, "अक्का, राग मानू नका. पन लेकरू लई नवसाचं हाय. तुमच्या हातानं न्हाऊ घालायचं न्हाय. अंगाला लावायचं न्हाय. तसं नसंल तर बाळंतपन हितंच करतो आमी." अंगाचा तिळपापड झाला माझा. माझी लेक, माझं घर, आणि ही बाई मला सांगणार! पण बोलले काय? "व्हय." दुसरं काय बोलणार. बरोबरच होतं तिचं.

नात झाली. काळंभोर जावळ, हनुवटी थेट आमच्या ह्यांची. दवाखान्यात सगळ्यांनी घेतली, मी खाटेच्या पायथ्याशी हात मागं बांधून उभी. घरी आणल्यावर न्हाऊ घालायला पलीकडच्या गल्लीतली बाई लावली. चांगली होती, हात हलका होता तिचा. मी न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून सूचना करायची. मान सांभाळ, डोळ्यांत जाईल, पाणी जास्त कढत हाय गं. शेवटी एक दिवस ती वैतागून म्हणाली, "मावशी, तुमीच घाला की मग." तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेक घाईघाईनं म्हणाली, "आईचे गुडघे दुखतात." गुडघे! मी आत जाऊन मशीन चालवत बसले. कापड नव्हतं खाली, नुसतीच सुई वरखाली.

लाडू मी केले, अळिवाची खीर मी केली, शेगडी मी पेटवली. पोर रडली की हे उचलायचे. त्यांचा नायटा बरा झाला होता. पुरुषाला नाडीचा परकर नसतो आणि नवरात्रात ते तिन्ही त्रिकाळ जेवले होते. मी चार हातांवरून तिच्याशी बोलायची. ती माझ्या आवाजाकडं मान वळवायची. एवढंच माझं आजीपण.

बारशाला विहीणबाई आल्या त्या वाकळ घेऊन. आपल्या जुन्या, मऊ पडलेल्या लुगड्यांची, हातानं शिवलेली. नव्या कापडात पोर घालत नाहीत, आजीच्या लुगड्याची ऊब लागते म्हणतात. टाके इतके बारीक की मी शिवणारी असून बघत राहिले. डॉक्टरीणबाईंचं ऐकून माझ्याकडची दुपटी मी सगळी नव्या कापडाची शिवून, उकळून ठेवली होती. पण विहिणीनं प्रेमानं आणलेल्या वाकळेला "उकळून घेऊ का" असं विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. पोर त्या वाकळेवर गाढ झोपली. तिसऱ्या महिन्यात लेक सासरी गेली, वाकळ गेली, घर रिकामं झालं.

मग नुसत्या कॅप्सूल. जेवण, कॅप्सूल, जेवण, कॅप्सूल. मधेमधे लिव्हर तपासायला रक्त द्यायचं. कंटाळा आला हा शब्दसुद्धा थोडा आहे. अन्नाची चवच गेली, कारण अन्न म्हणजे गोळीखालचं अंथरूण झालं होतं. मापाला आलेल्या बायकांना मी सांगायला लागले, बाई, ती ट्यूब टाकून दे, डॉक्टरला दाखव, मधेच बंद करू नको. त्या माझ्या कमरेकडं बघून विचारायच्या, "तुमचं गेलं का वैनी?" काय सांगणार, कपाळ! मेडिकलमधला पोरगा अजून वर न बघता ट्यूब काढतो. मी एकदा त्याच्याशी भांडून आले. दुसऱ्या दिवशी शेजारीण तीच ट्यूब घेऊन आली, माझ्यासाठी, मायेनं.

गुढीपाडवा झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी भिंगानं सगळं बघितलं, परत खरवडलं, तपासलं, आणि म्हणाली, "मावशी, साफ." मी खुर्चीतच रडले. ती म्हणाली, "पण जपा. एकदा झालं म्हणजे परत होत नाही असं नाही. घरात कुणाला असेल तर त्याच्या अंगाला अंग लावू नका, कपड्याला कपडा लावू नका. परत झालं तर ही कॅप्सूल तुम्हाला साथ देईलच असं मी सांगू शकत नाही." मी सगळ्याला हो हो म्हटलं. घरी येऊन आधी लेकीला फोन लावला. "घेऊन ये गं तिला. अजून बसत न्हाय न्हवं? मग पायावर मावती."

लेक चौथ्या दिवशी आली. बरोबर विहीणबाई. दोघींचे चेहरे उतरलेले. लेकीनं पोरीचं झबलं वर केलं. पाठीवर, मानेखाली, दोन गोल कडी. कडेला लाल, मध्ये फिकट. मला सांगायची गरज नव्हती. असली कडी मी मापं घेताना ढिगानं बघितली होती.

तसंच उठून दवाखान्यात गेलो. बाकड्यावर मी आणि विहीणबाई शेजारी शेजारी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? जावयांना आहे, मागावर काम करून घामानं सगळ्यांनाच असतं तिकडं, असं काहीतरी लेक पुटपुटली. बाळाला अंथरायला काय? "वाकळ." कुणाच्या लुगड्यांची? मग विहीणबाईंनी पिशवीत हात घातला आणि ट्यूब काढून टेबलावर ठेवली. माझ्या ट्यूबच्याच कंपनीची, तिच्यासारखीच मधोमध दाबलेली. खाली मान घालून म्हणाल्या, "मलाबी हाय, अक्का. तुमास्नी फोन केला तवाबी हुतं. बाईमानसानं कंबर कुनाला दाखवायची?"

इतके महिने मी ह्या बाईसाठी वाक्यं तयार करून ठेवली होती. धार लावलेली, एकेक. वेळ आली आणि एकही तोंडातून फुटलं नाही. मला फक्त दमल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, वाकळेवरूनच आलं असं नाही, हातावरून, उशीवरून, कशावरूनही येतं. पोर लहान आहे, कॅप्सूल लगेच देता येणार नाही. आधी मलम लावून बघू, चालतंय का. चालतंय का, हे शब्द तिनं अगदी हळू म्हटले.

घरी आलो. पोरीला आंघोळ घालून, कोरडं करून मलम लावायचं होतं. न्हाऊ घालणारी बाई आता येत नव्हती. मी बंबातलं पाणी काढलं, न्हाणीत पाट मांडला. लेक दारात आडवी आली. "आई, नको. मॅडम काय म्हणाल्या? तुझं एवढ्या हालानं गेलंय. तू लांब राहा. मी घालते."

विहीणबाईही म्हणाल्या, "व्हय अक्का. ऱ्हाऊ दे."

मी पाटावर बसले. लुगडं गुडघ्यावर घेतलं. पाय लांब केले. नडग्या साफ होत्या, जुन्या डागांच्या सावल्या तेवढ्या उरल्या होत्या. म्हटलं, "लई लांब राहिले. आण तिला इकडं."

लेकीनं पोरीला माझ्या पायांवर घातलं. ती गरम होती, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. अनोळखी पाय लागले म्हणून आधी ताठली, मग सैल पडली. पाणी विहीणबाईंनी घातलं.

आता रोज सकाळी खिडकीपाशी उजेडात पाय बघते. अजून काही उठलेलं नाही. उठलं तर उठलं.